पावसात फुटी कशी खेळायची आणि पोरांना कशी खेळवायची

मेलबर्नमध्ये वर्षाला साधारण ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या मुंबईत एकट्या जुलैत त्याच्याहून जास्त कोसळतो, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात मी इथल्या पावसाला जाम हसलो होतो. हा काय पाऊस, लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसला. मग पोराला घराजवळच्या क्लबात फुटीला घातलं, तिथे मदतीला आईबाप कमीच पडतात म्हणून दुसऱ्याच सीझनला माझ्या गळ्यात असिस्टंट कोचची माळ पडली, आणि तेव्हा कळलं की ह्या खेळाचं वाटोळं करायला धो-धो पाऊस लागतच नाही. सकाळी अर्धा तास भुरभुर झाली की बास. आदल्या रविवारी हिरो वाटलेली पोरं दुसऱ्या रविवारी साबणाची वडी पकडायला धावल्यासारखी त्या चेंडूमागे धावत असतात.

तर हे सगळं त्यासाठी लिहितोय. तुमचं पोर खेळत असेल, तुम्ही माझ्यासारखे शिट्टी गळ्यात घालून अडकला असाल, किंवा नुसते टीव्हीवर मॅच बघताना "अरे पकडत का नाही हा" म्हणून ओरडत असाल, तर उपयोग होईल.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. हा सॉकर नाही आणि रग्बी पण नाही, ऑस्ट्रेलियन रूल्स, लाडाने फुटी (मला अजून फुटी म्हटलं की फुटलेलं दूधच आठवतं, जाऊदे). क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर १८ विरुद्ध १८, २० मिनिटांचे चार क्वार्टर आणि मध्ये थांबलेल्या वेळेचा हिशोब वर. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारला तर गोल, ६ पॉइंट. उंच खांब आणि बाजूच्या बुटक्या खांबाच्या मधून गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. चेंडू फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. १५ मीटरच्या वर आलेली किक कोणाचा हात न लागता झेललीत की तो मार्क, मग तुम्हाला निवांत किक मारायला मिळते. आणि चेंडू घेऊन पळताना दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटायचा किंवा टेकवायचा. आता बघा, झेलणं, मुठीने मारणं, आपटणं, सगळी कामं कोरड्या चेंडूची. म्हणून पाऊस ह्या खेळाला सॉकरपेक्षा जास्त नडतो.

आधी ओलं कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. लोक सरसकट "वेट वेदर फुटी" म्हणतात, पण चिखल वेगळा आणि निसरडं वेगळं.

पूर्वी चिखल असायचा. मेलबर्नचा प्रत्येक क्लब आपापल्या उपनगरातल्या मैदानावर खेळायचा, उन्हाळ्यात त्याच मैदानावर क्रिकेट, त्यामुळे मधली पिचची जागा जुलै-ऑगस्टपर्यंत भाताच्या खाचरासारखी व्हायची. सेंट किल्डाचं मुराबिन तर त्यासाठी कुप्रसिद्ध, तिथे मुद्दाम पाणी मारून ठेवतात असे आरोप समोरच्या टीमवाले करायचे. वेव्हर्ली पार्कला तर लोक आर्क्टिक पार्कच म्हणायचे, इतकं गार आणि ओलं. त्या चिखलात चेंडू पडला की जागच्या जागी रुतायचा, चामडं पाणी पिऊन जड व्हायचं, पळणारा प्लेअर पण जागेवरच धापा टाकत उभा. त्या काळचा सल्ला होता की खेळ हळू होणार, धिप्पाड माणसं घ्या, ढकलाढकली करा.

आता एएफएलच्या, म्हणजे ह्या खेळाच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, मैदानांवर ते राहिलं नाही. निचरा भारी असतो, एमसीजीवर क्रिकेटच्या पिच ड्रॉप-इन असल्यामुळे हिवाळ्यात त्या उचलून बाहेर काढतात, आणि डॉकलंड्सच्या स्टेडियमला २००० साली उघडलं तेव्हापासून बंद होणारं छतच आहे. म्हणजे आता पाऊस पडला की जमीन घट्टच राहते, फक्त गवतावर पाण्याचा पातळ थर, आणि त्याच्यावरून चेंडू हळू नाही तर उलट सुसाट घसरत जातो. कॅरमबोर्डावर पावडर टाकल्यासारखं. जुना चिखलाचा सल्ला इथे लावला की फसलात. इथे जो लवकर दिशा बदलू शकतो, खाली वाकून राहू शकतो, तो जिंकतो, नुसता आडदांड नाही.

आमच्या सारख्या लोकल मैदानांवर मात्र दोन्ही एकाच मॅचमध्ये मिळतं, कडेला गवतावर निसरडं आणि मध्यभागी व गोलसमोर रबरबाट. त्यामुळे मॅचच्या आधी अर्धा तास मी बूट घालून अख्ख्या मैदानाला एक फेरी मारतो, कुठे पाणी साचलंय, कुठे पाय रुततो, कुठली बाजू बरी, आणि पोरांना तेवढंच सांगतो की ह्या बाजूने न्या, त्या बाजूला जाऊ नका. टॉस जिंकलो तर बाजू निवडताना पण हे आणि वारा, दोन्ही बघायचं.

तिसरा प्रकार म्हणजे पाऊस नसतानाचं ओलं. हे आपल्याला समजवायला लागत नाही, वानखेडेवर रात्री दव पडलं की स्पिनरचे हाल बघितलेत आपण. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, डार्विनला रात्रीच्या मॅचमध्ये तेच, आकाशात ढग नाही आणि चेंडू मात्र दमट हवेने आणि घामाने तेल लावल्यासारखा. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं हे सगळे आज झोपेत खेळतायत का. तर नाही, ती पण ओलीच मॅच असते, टॅक्टिक्स पण ओल्याचीच लागतात. आणि डार्विनची गंमत म्हणजे तिथली लोकल लीग पावसाळ्यातच असते, ऑक्टोबर ते मार्च, बाकी देशाच्या बरोब्बर उलट. तिथल्या पोरांना ओला चेंडू म्हणजे रोजचंच. कोकणातल्या माणसाला पावसात फुटबॉल खेळायला शिकवावं लागत नाही तसं.

हात

डोक्यावर उडी मारून झेललेला मार्क ही ह्या खेळाची शान, लोक त्यासाठीच तिकीट काढतात. पावसात ती विसरायची. म्हणजे एखादा झेलेल, पण तुमच्या पोराला सांगा की शक्य तिथे चेंडू छातीवर घे. हात खाली, कोपरं अंगाजवळ, चेंडू आला की पोटाशी आवळून धरायचा, बाळ घेतात तसं. बोटांवर घेतला की निसटला. जमिनीवरचा चेंडू उचलताना दोन्ही हात आणि चेंडूच्या मागे अंग, कारण हातातून सुटला तरी निदान अंगावर अडतो. एका हाताने झडप घालून उचलणं हे कोरड्या दिवशीचे लाड.

आमच्या पोरांना मी एकच वाक्य घोकायला लावलंय, पहिल्यांदा सुटणारच, दुसऱ्यांदा तूच घे. ओल्या मॅचमध्ये पहिला प्रयत्न फसतो हे गृहीत धरूनच धावायचं. जो पोरगा चेंडू सुटल्यावर तोंड वाकडं करून उभा राहतो तो गेला, जो परत खाली वाकतो त्यालाच चेंडू मिळतो. मोठ्या लेव्हलवर पण कोच लोक सेकंड एफर्ट, थर्ड एफर्ट म्हणून हेच ओरडत असतात.

हँडबॉलचं बोलायचं तर माझी स्वतःची एक चूक सांगतो. माझ्या पहिल्याच ओल्या मॅचला मी पोरांना सांगितलं, किक मारू नका, पाय घसरतो, हँडबॉल करत करत न्या. मला वाटलं काय डोकं चालवलंय मी. झालं काय की चार हँडबॉलची साखळी व्हायची, तिसऱ्याला चेंडू निसटायचा, आणि आमची सगळी पोरं चेंडूच्या पुढे पळून गेलेली, मागे कोणीच नाही, समोरच्यांना मोकळं मैदान. पहिल्या क्वार्टरला चार गोल खाल्ले. मुख्य कोच म्हाताऱ्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, बोलला काही नाही, आणि ब्रेकमध्ये पोरांना म्हणाला की एक हँडबॉल, फार तर दोन, आणि मग बूट. तेच बरोबर. ओल्या चेंडूने जितके हात बदलाल तितके वेळा नशीब आजमावताय. आणि हँडबॉल केलाच तर दोन-तीन मीटरचा, ठणठणीत, समोरच्याच्या छातीवर, लांबचा तरंगणारा नको. अजून एक, ओल्या हातातून मूठ लागायच्या आधीच चेंडू सुटला की अम्पायरला ते फेकल्यासारखं दिसतं आणि फ्री किक जाते.

पळताना आपटायचं तर सोडूनच द्या. अंडाकृती चेंडू कोरड्यातच कुठल्या बाजूला उडेल सांगता येत नाही, ओल्या गवतावर आपटला तर परत हातात यायच्या ऐवजी घोट्यापाशी सरपटत जातो. नियमात टेकवलेला पण चालतो, म्हणून वाकून दोन्ही हातांनी धरलेला चेंडू गवताला टेकवायचा आणि पुढे पळायचं. जुन्या काळापासून क्वार्टरच्या सुरुवातीला अम्पायर मैदानाच्या मधोमध चेंडू आपटून वर उडवायचे, ही ह्या खेळाची खास पद्धत, पण ओल्या मैदानात ते पण शहाण्यासारखे सरळ हाताने वर फेकायचे. अम्पायरला जे समजतं ते पोरांना समजायला काय हरकत आहे.

पाय

किक मात्र मारायची, भरपूर मारायची, फक्त नाजूक नाही. नेहमीची ड्रॉप पंट, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागायच्या आधी मारलेली किक, पण चेंडू हातातून सोडताना नेहमीपेक्षा खाली नेऊन, पायाच्या जवळ सोडायचा, म्हणजे वाऱ्याला आणि निसटण्याला वाव कमी. टेकू दिलेला पाय पूर्ण रोवल्याशिवाय मारायची नाही, नाहीतर पाय पुढे आणि आपण मागे, पाठीवर. २५ मीटरवरच्या मित्राच्या हातात अलगद ठेवलेली किक हा पावसातला सगळ्यात महागडा शॉट आहे, कारण त्याच्या हातातून सुटली की चेंडू तुमच्याच गोलच्या तोंडाशी. त्यापेक्षा लांब मारा, आणि अशी मारा की झेलला नाही गेला तरी चेंडू पुढेच पडेल.

गरज पडली तर उचलू पण नका. पायाने ढकला, हाताच्या तळव्याने पुढे सारा, गुडघ्याने लोटा, काय वाट्टेल ते. ह्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २००९ च्या ग्रँड फायनलचं. एमसीजीवर गार, पावसाळी दिवस, जिलाँग विरुद्ध सेंट किल्डा, शेवटच्या क्वार्टरला दोघं खांद्याला खांदा लावून. मैदानाच्या मध्यभागी चेंडू जमिनीवर, जिलाँगचा मॅथ्यू स्कारलेट धावत आला. बॅक लाइनचा प्लेअर, त्याचं काम खरं तर चेंडू सांभाळायचं, पण वाकून उचलायला गेला असता तर वेळ गेला असता, म्हणून त्याने नुसतं बुटाच्या टोकाने चेंडूला टोचलं. चेंडू सरळ गॅरी अॅब्लेटकडे, त्याने पुढे मारला, आणि पॉल चॅपमनने गोल केला. जिलाँग १२ पॉइंटनी जिंकलं. आमच्या इथले म्हातारे अजून त्या टोचणीबद्दल असे बोलतात जसे आपल्याकडे लोक २०११ च्या धोनीच्या सिक्सबद्दल बोलतात. पण मला त्यात जे आवडतं ते हे की ती काही कला नव्हती, तो निर्णय होता. उचलायचा मोह सोडला त्याने.

मग टीम म्हणून करायचं काय

एका वाक्यात सांगायचं तर चेंडू आपल्या हातात असण्यापेक्षा चेंडू कुठे आहे हे महत्त्वाचं. कोरड्या दिवशी चांगली टीम चेंडू ताब्यात ठेवून, आडवा-तिडवा फिरवून, मोकळा माणूस शोधून पुढे जाते. पावसात हेच केलं की कुठल्या तरी किकला चुकणारच, आणि आपल्या बाजूच्या मैदानात चुकलं की गोल खाणार. म्हणून चुका होणारच आहेत तर त्या समोरच्याच्या गोलजवळ होऊ द्या. लांब मारा, चेंडू तिकडे नेऊन पाडा, आणि मग तिथे माणसं लावून कोंडी करा, त्यांना बाहेर काढूच देऊ नका. काढायला गेले की त्यांच्या पण हातातून सुटणार, आणि सुटला की तुमचा माणूस गोलपासून ३० मीटरवर उभा आहे. दिसायला गबाळं वाटतं, पण पावसातले बरेच गोल असेच येतात, समोरच्याच्या हातातून निसटलेल्या चेंडूवर.

इथे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये ही म्हण उलटी वागते. पावसात हातचा चेंडू धरून बसलात तर टॅकल होणार. टॅकल होताना आधी सोडायला वेळ मिळाला होता आणि तरी सोडला नाही तर होल्डिंग द बॉल, फ्री किक समोरच्याला. ओल्या मॅचमध्ये घोळके जास्त होतात, प्रत्येक घोळक्यात कोणीतरी चेंडूवर पालथा पडलेला असतो, त्यामुळे चेंडू मिळाला की पहिल्या सेकंदाला तो पुढे जायला हवा, विचार नंतर.

घोळके जास्त म्हणजे अम्पायरने वर फेकणं जास्त, बाउंड्रीवरून आत फेकणं जास्त. तिथे उंच रकमन उडी मारून चेंडू आपल्या माणसाकडे टोलवतो. कोरड्यात तो धावत्या मिडफिल्डरच्या हातात नेमका ठेवायचा प्रयत्न करतो. पावसात दोनच पर्याय बरे, एकतर सरळ खाली आपल्या माणसाच्या पायापाशी पाडायचा, नाहीतर मुठीने जोरात पुढे हाणायचा आणि सगळ्यांनी तिकडे पळायचं. आणि घोळक्याभोवती उभं राहताना एक तरी माणूस आपल्या गोलच्या बाजूला, म्हणजे मागे ठेवायचाच. आमच्या टीमची सगळी पोरं चेंडूवर माश्यांसारखी बसतात, ह्या एका माणसासाठी मी घसा फोडून घेतलाय.

आता सगळीकडे होणारा वाद, पाऊस असला की उंच प्लेअर काढून बुटके, चपळ घ्यायचे का. गुरुवारी टीम जाहीर होते आणि शनिवारचा पावसाचा अंदाज बघून टीव्हीवरचे एक्स्पर्ट लगेच सुरू होतात, दुसरा रकमन बाहेर, तिसरा उंच फॉरवर्ड बाहेर. थोडं मला पण पटतं. दुसरा रकमन पावसात बऱ्याचदा ओझं होतो. पण सगळेच उंच काढले तर लांब मारलेला चेंडू कोणासमोर पडणार? उंच फॉरवर्डने पावसात झेलायचा नसतोच, त्याने फक्त समोरच्या बॅकला झेलू द्यायचा नसतो. चेंडू खाली पडला की त्याचं काम झालं, पुढचं काम क्रम्बरचं, म्हणजे पडलेले तुकडे वेचणाऱ्या छोट्या फॉरवर्डचं. त्याला नेहमी शिकवतात की घोळक्याच्या समोर उभा राहा. ओल्यात मात्र चेंडू हातांवरून घसरून मागे पण जातो, म्हणून दोन छोटे असतील तर एक समोर आणि एक मागे गोलच्या बाजूला ठेवा. मला तर दोन उंच आणि बाकी चपळ हा हिशोब बरा वाटतो, पण कोणी माझं ऐकून टीम निवडणार नाहीये हे पण खरं.

दमसासाचं विसरू नका. लोकांना वाटतं पावसात पळणं कमी. पळणं थोडं कमी होत असेल पण उठणं-पडणं, टॅकल, वाकणं दुप्पट वाटतं, जर्सी ओली होऊन जड. एएफएलला अदलाबदलीवर मर्यादा आहे, २०२१ पासून मॅचला ७५, त्यामुळे तिथे जपून वापरतात. आपल्या पोरांच्या मॅचला तसा प्रश्न नाही, सारखे बदला, बाहेर बसलेल्याला जॅकेट द्या, नाहीतर कुडकुडून परत आत गेला की पायाच चालत नाहीत.

स्कोर

१९२७ ची ग्रँड फायनल धो-धो पावसात झाली होती. कॉलिंगवूडने २ गोल १३ बिहाइंड, एकूण २५. रिचमंडने १ गोल ७ बिहाइंड, एकूण १३. अख्ख्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून तीन गोल! ग्रँड फायनलच्या इतिहासातला सगळ्यात कमी स्कोर. पण नीट बघा, कॉलिंगवूडचे नुसते बिहाइंडच १३, म्हणजे रिचमंडच्या अख्ख्या स्कोरइतके. थेंबे थेंबे तळे साचे, अक्षरशः. १९६० ला पण ओल्या ग्रँड फायनलमध्ये मेलबर्नचे ६२ आणि कॉलिंगवूडचे जेमतेम १४.

ह्याच्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे पावसात पहिल्या क्वार्टरची तीन गोलची आघाडी कोरड्यातल्या पाच-सहा गोलसारखी, परत भरून काढणं फार अवघड, म्हणून सुरुवातीला आळस नको. दुसरं म्हणजे अशा दिवशी १ पॉइंट पण हलका समजायचा नाही, अवघड कोनातून गोल होणार नाही असं वाटलं तरी चेंडू त्या चार खांबांच्या दिशेने गेला पाहिजे.

पण म्हणून बिहाइंडवरच समाधान मानू नका, परत २००९ बघा. सेंट किल्डाचे ९ गोल १४ बिहाइंड, जिलाँगचे १२ गोल ८ बिहाइंड. म्हणजे सेंट किल्डाने २३ वेळा स्कोर केला आणि जिलाँगने २० वेळा, आणि हरलं सेंट किल्डा. संधी मिळवण्यात ते पुढे होते, नेमात मागे. म्हणून पावसात मार्क किंवा फ्री किक मिळाली की जो वेळ मिळतो, एएफएलला ३० सेकंद, तो पूर्ण घ्या. हात मोज्याच्या आतल्या बाजूला पुसा, किंवा शॉर्ट्सच्या मागच्या कोरड्या भागाला, चेंडू जर्सीच्या आतून पुसा, धावायला जागा कमी घ्या, पाय रोवला का बघा, मग मारा. पोरं घाईत असतात, कारण पाऊस अंगावर येतोय आणि आई बाउंड्रीवरून ओरडतेय.

बचावात सगळं उलटं. झेलायला जाऊ नका, मुठीने मारा, आणि गोलसमोर मधल्या भागात नाही तर बाउंड्रीच्या दिशेने. फक्त मोकळं असताना मुद्दाम सरळ बाहेर मारलात तर अम्पायर फ्री किक देतो, आणि थेट हवेतून बाहेर गेलेल्या किकला तर देतोच. गोलच्या तोंडाशी घोळ झाला आणि समोरचा अंगावर असला तर स्वतःच चेंडू रेषेपलीकडे सारून १ पॉइंट द्या, ६ वाचतात. अंगावर कोणी नसताना हे केलं तर मात्र फ्री किक, हा नियम २००९ ला आला, कारण २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने असे ११ बिहाइंड स्वतःहून दिले आणि वर मॅच पण जिंकली.

आणि घसरत जाऊन पायात शिरू नका. ओल्या गवतावर चेंडूवर झेप टाकायचा मोह जबरदस्त, पण समोरच्याच्या गुडघ्याखाली जोरात धडक बसली तर २०१३ पासून फ्री किक जाते. फ्री किकचं सोडा, एखाद्याचा पाय मोडेल. पोरांना उभ्या पायावर राहून वाकायला शिकवा.

तयारी आणि नंतरची आवराआवर

प्रॅक्टिसला एक बादली पाणी आणि चार चेंडू. चेंडू बुडवायचा, काढायचा, लगेच किक, लगेच झेल, लगेच हँडबॉल. दहा मिनिटं पुरतात, पोरांना प्रचंड आवडतं, आणि रविवारी पाऊस आला तर कोणी बिचकत नाही. मॅचच्या आधीचं वॉर्म-अप पण ओल्याच चेंडूने करा, कोरड्याने केलं की पहिली पाच मिनिटं वाया.

बुटाचे स्टड लांबवाले, चिखल असेल तर नक्कीच. ग्लोव्ह चालतात, काहींना आवडतात, माझ्या पोराने एकदा घातले आणि दुसऱ्या मिनिटाला काढून टाकले. फुल बाहीची जर्सी मला उपयोगी वाटते, चेंडू ओल्या उघड्या हातापेक्षा कापडाला बरा चिकटतो. बाउंड्रीवर चार जुने टॉवेल ठेवा, आणि ते प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, नाहीतर हाफटाइमला तेच सगळ्यात ओले. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा न्या, कँटीनचा मीट पाय चांगला असतो पण व्हेज लोकांची पंचाईत होते. विजा चमकल्या तर मात्र काही बघू नका, सगळे आत. पाऊस चालतो, वीज नाही. मोठ्यांचं पण असंच, नुसत्या पावसाने एएफएलची मॅच थांबत नाही, २०१९ ला कॅनबेराला हॉथॉर्न आणि जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) चक्क बर्फ पडत असताना खेळले. पण मार्च २०२५ ला सायक्लोन अल्फ्रेड आलं तेव्हा क्वीन्सलँडमधल्या पहिल्याच मॅचेस पुढे ढकलल्या.

घरी आल्यावर बुटांत रद्दी कोंबा, आपल्याकडे जून महिन्यात शाळेचे बूट वाळवायचो तसेच. रात्री एकदा ती रद्दी बदला, सकाळपर्यंत बरे होतात. चामडी चेंडू मात्र हीटरसमोर ठेवू नका, मी ठेवला होता, चामडं कडक होऊन शिवणीपाशी असं आक्रसलं की दुसऱ्या आठवड्यात कोणी किक मारली की तो भलत्याच बाजूला वळायचा. ओल्या फडक्याने चिखल पुसायचा, कोरड्या टॉवेलने टिपायचा आणि लाँड्रीत सावलीत दोन दिवस तसाच ठेवायचा. आणि जर्सी मशीनमध्ये टाकायच्या आधी अंगणात पाइपाने धुऊन घ्या, आमचं मशीन एकदा त्या मातीनेच तुंबलंय आणि त्याबद्दल मला घरात अजून ऐकावं लागतं.